सोव्हिएतकालीन बुद्धिबळ संचांचा संग्रह

सोव्हिएतकालीन बुद्धिबळ संचांचा संग्रह हा सोव्हिएत संघाच्या काळात (इ.स. १९२२ ते १९९१) तयार झालेले बुद्धिबळाचे मोहरे, पट आणि पेट्या जमवण्याचा, त्यांचा काळ व उगम ठरवण्याचा आणि त्यांचे जतन करण्याचा छंद होय. या संचांपैकी बहुतेक संच संग्रहासाठी बनवलेले नव्हते. शाळा, कामगार क्लब, ग्रंथालये, उद्याने, घरे आणि स्पर्धागृहे यांतील रोजच्या वापरासाठी त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. ते कोणी आखले आणि कोणी घडवले याच्या नोंदी फारच थोड्या संचांबाबत उपलब्ध आहेत. त्यामुळे जुनी छायाचित्रे, पेटीवरील शिक्के आणि मोहऱ्यांची घडण यांवरून एखाद्या संचाचा इतिहास जुळवणे हा या छंदाचा मुख्य भाग ठरतो. मूळ संचांच्या आधुनिक प्रतिकृतीही बनवल्या जातात. मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांतील फरक ओळखणे संग्राहकाला आवश्यक असते.

पार्श्वभूमी

स्पर्धात्मक बुद्धिबळात आज सर्वत्र वापरला जाणारा स्टाँटन पद्धतीचा संच इ.स. १८४९ मध्ये लंडनच्या जाक्स या उत्पादकाने विक्रीस आणला. त्याच्या रचनेचे श्रेय नॅथॅनियल कुक यांना दिले जाते. इंग्लिश बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव या संचाला मिळाले. रशियात मात्र एकोणिसाव्या शतकात हाडांत व लाकडात कोरलेले पारंपरिक संच, मध्य युरोपातील कॉफीगृहांत रूढ असलेल्या उंच व सडपातळ घडणीचे संच आणि स्टाँटन संच असे निरनिराळे प्रकार एकाच वेळी प्रचलित होते. पुढील काळातील सोव्हिएत संचांत या सर्वांच्या खुणा दिसतात.

रशियन राज्यक्रांतीनंतर बुद्धिबळाला सरकारी आश्रय मिळाला. इ.स. १९२० मध्ये अलेक्सांद्र इल्यिन-झेनेव्स्की यांच्या पुढाकाराने मॉस्को येथे अखिल रशियन बुद्धिबळ ऑलिंपियाड भरवले गेले. इ.स. १९२४ पासून निकोलाय क्रिलेन्को यांच्या नेतृत्वाखाली हा खेळ कामगारांच्या सांस्कृतिक शिक्षणाचे साधन म्हणून देशभर नेण्यात आला. इ.स. १९२५ मधील मॉस्को आंतरराष्ट्रीय स्पर्धा सरकारी खर्चाने झाली. येफिम बोगोल्युबोव्ह यांनी इमॅन्युएल लास्कर व होजे राउल कापाब्लांका यांना मागे टाकून ती जिंकली. याच स्पर्धेच्या वातावरणात व्सेव्होलोद पुदोव्किन व निकोलाय श्पिकोव्स्की यांनी 'बुद्धिबळाचा ज्वर' हा मूक विनोदी चित्रपट बनवला. पुढे क्रिलेन्को यांना स्तालिनच्या राजवटीत इ.स. १९३८ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. त्यांनी उभारलेली क्लब व प्रशिक्षणाची व्यवस्था मात्र टिकली. इ.स. १९४८ ते १९७२ या काळात जगज्जेतेपद सलगपणे सोव्हिएत खेळाडूंकडे राहिले.

खेळाचा प्रसार होताच मोहऱ्यांची मागणी वाढली. ही मागणी स्वस्त, टिकाऊ आणि साध्या यंत्रांवर बनवता येणाऱ्या संचांनी भागवावी लागली. सोव्हिएत संचांचे रूप या गरजेतून घडले.

मोहऱ्यांची नावे व आकार

रशियन भाषेतील मोहऱ्यांची नावे मराठी नावांशी काही ठिकाणी जुळतात, तर काही ठिकाणी गोंधळात टाकतात. रशियन 'फेर्झ' म्हणजे मराठीतील वजीर. या शब्दाचे मूळ फारसीत आहे व भारतातही 'फर्जी' हे त्याचे रूप प्रचलित होते. 'कोन्' म्हणजे घोडा. मराठीत ज्याला उंट म्हणतात त्याला रशियनमध्ये 'स्लोन', म्हणजे हत्ती, असे नाव आहे. मराठीतील हत्ती हा मोहरा रशियनमध्ये 'लाद्या', म्हणजे नौका, होय. जुन्या कोरीव रशियन संचांत हा मोहरा प्रत्यक्ष नौकेच्या आकाराचा असे. कारखान्यात तयार झालेल्या सोव्हिएत संचांत मात्र तो स्टाँटन पद्धतीप्रमाणे बुरुजाच्या आकाराचा आढळतो.

बहुसंख्य सोव्हिएत संचांतील राजाच्या माथ्यावर क्रूस नसतो. त्याऐवजी लहान गोल किंवा थेंबाच्या आकाराचा शेंडा असतो. अनेकदा हा शेंडा विरुद्ध रंगाचा असतो, म्हणजे पांढऱ्या राजाला काळा व काळ्या राजाला पांढरा. उंटाच्या माथ्यावर बिशपच्या टोपीची तिरकी खाचही सहसा नसते. या वैशिष्ट्यांचे कारण म्हणून सोव्हिएत राजवटीच्या धर्मविरोधी धोरणाकडे बोट दाखवले जाते. तथापि क्रूस नसलेले राजे आणि विरुद्ध रंगाचे शेंडे राज्यक्रांतीपूर्वी व्हिएन्नाच्या कॉफीगृहांतील संचांतही होते. शिवाय ज्या भाषेत या मोहऱ्याचे नावच हत्ती आहे, तिथे बिशपच्या टोपीला विशेष अर्थ नव्हता. त्यामुळे धोरण हे या घडणीचे एकमेव कारण मानता येत नाही. तिरकी खाच गाळल्याने कारागिराचे एक काम वाचत असे, हेही लक्षात घ्यावे लागते.

साहित्य व घडण

सोव्हिएत संचांसाठी सर्वाधिक वापरले गेलेले लाकूड बर्चचे होते. हे फिकट रंगाचे, बारीक पोताचे झाड रशियात विपुल आहे. काळ्या मोहऱ्यांसाठी एबनीसारखे महाग आयात लाकूड न वापरता त्याच बर्चला काळा रंग किंवा लाख दिली जाई. वापराने रंग झिजून खालचे फिकट लाकूड दिसू लागते आणि जुन्या संचाची ही एक ओळखखूण ठरते.

राजा, वजीर, उंट, हत्ती व प्यादी लेथवर कातून बनवली जात. घोड्याचे डोके लेथवर बनत नाही. ते वेगळे कापून, हाताने कोरून कातलेल्या तळावर चिकटवावे लागते. म्हणूनच संचाच्या एकूण खर्चात घोड्यांचा वाटा मोठा असतो. सोव्हिएत उत्पादनात घोड्याची कोरणी कमी करून सपाट, मोजक्या कापांचे घोडे बनवले गेले. प्रत्येक कार्यशाळेच्या घोड्याची ठेवण वेगळी असल्याने संचाचा उगम ठरवताना अभ्यासक प्रथम घोडा पाहतात.

स्पर्धेसाठीच्या संचांत मोहऱ्याच्या तळात शिसे किंवा अन्य धातू भरून वरून कापड लावलेले असे. घरगुती संच बहुधा वजनाविना व लहान आकाराचे असत. पट बिजागरीचा असून मिटल्यावर त्याचीच पेटी होत असे व मोहरे तिच्या आत राहत. लाकडाखेरीज कार्बोलाइट या बेकेलाइटसदृश कृत्रिम द्रव्याचे संचही बनले. युद्धोत्तर काळात साध्या प्लास्टिकचे संच व प्रवासासाठीचे लहान संच घरोघरी पोहोचले.

उत्पादक

सुरुवातीच्या दशकांत संचांचे उत्पादन प्रामुख्याने 'आर्तेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांच्या सहकारी संस्थांकडे होते. इ.स. १९५६ पासून या संस्था सरकारी उद्योगांत विलीन करण्यास सुरुवात झाली आणि इ.स. १९६० मध्ये ही सहकारी व्यवस्था संपुष्टात आली. त्यानंतर लाकूडकाम, फर्निचर व खेळणी बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांनी संच तयार केले. अनेक ठिकाणी हे जोड उत्पादन होते.

उत्पादनाचा आणखी एक स्रोत म्हणजे कैद्यांच्या श्रम वसाहती. मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या मॉर्डोव्हिया प्रदेशात इ.स. १९३० च्या दशकापासून मोठ्या छावण्या होत्या व तेथे लाकूडकाम चाले. यांपैकी दुब्रावलाग हा छावण्यांचा समूह नंतरच्या सोव्हिएत काळात 'झेखा-३८५' या सांकेतिक नावाने ओळखला जाई. तेथे सामान्य गुन्हेगारांबरोबर राजकीय कैदीही होते. संग्राहक ज्या संचांना 'मॉर्डोव्हियन' म्हणतात त्यांचा संबंध या वसाहतींशी जोडला जातो. अशा संचांना आज चांगली किंमत मिळते. त्यामुळे त्यांचे वर्णन करताना त्यामागील सक्तीच्या श्रमाचा उल्लेख करावा, असा आग्रह अनेक अभ्यासक धरतात.

संग्राहकांनी दिलेली नावे

सोव्हिएत संचांना आज ज्या नावांनी ओळखले जाते त्यांपैकी बहुतेक नावे उत्पादकांची नसून संग्राहकांनी नंतर दिलेली आहेत. एखाद्या प्रसिद्ध सामन्याच्या छायाचित्रात संच दिसला की त्या प्रकाराला त्या सामन्याचे, खेळाडूचे किंवा गावाचे नाव चिकटते. प्रमुख नावे पुढीलप्रमाणे आहेत.

बोत्विन्निक–फ्लोर : इ.स. १९३३ च्या अखेरीस मॉस्को व लेनिनग्राद येथे मिखाइल बोत्विन्निक आणि चेकोस्लोव्हाकियाचे सालो फ्लोर यांच्यात १२ डावांचा सामना झाला. तो ६–६ असा बरोबरीत सुटला. या सामन्याशी व त्यानंतरच्या मॉस्को स्पर्धांशी जोडलेल्या दोन प्रकारांना अनुक्रमे 'पहिला' व 'दुसरा' असे म्हटले जाते.

ताल : रीगा येथील जगज्जेते मिखाइल ताल यांच्या छायाचित्रांवरून रूढ झालेले नाव.

बाकू : इ.स. १९६१ च्या अखेरीस बाकू येथे झालेल्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेवरून पडलेले नाव. ही स्पर्धा बोरिस स्पास्की यांनी जिंकली.

ग्रँडमास्टर : युद्धोत्तर काळात स्पर्धांसाठी वापरल्या गेलेल्या मोठ्या, वजनदार संचांसाठीचे सर्वसाधारण नाव.

या नावांमुळे संवाद सोपा होतो, पण ती दिशाभूलही करतात. 'ताल संच' याचा अर्थ ताल यांनी वापरलेला, आखलेला किंवा पसंत केलेला संच असा होत नाही. त्या आकाराचे हजारो संच अनोळखी लोकांच्या हातांत झिजलेले असतात. एकाच प्रकाराची घडण निरनिराळ्या कार्यशाळांनी थोड्याफार फरकाने केलेली असल्याने दोन संग्राहक एकच नाव दोन भिन्न संचांना देतात, असेही घडते.

सोव्हिएत संचांबरोबर विकला जाणारा 'दुब्रोव्हनिक' संच मूळचा सोव्हिएत नव्हे. तो इ.स. १९५० मध्ये युगोस्लाव्हियातील दुब्रोव्हनिक येथे झालेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी बनवला गेला. अमेरिकन जगज्जेते बॉबी फिशर यांना तो प्रिय होता. त्यातील उंटांचे विरुद्ध रंगाचे शेंडे पाहून तो सोव्हिएत असल्याचा समज होतो.

विशेष संच

नित्याच्या संचांव्यतिरिक्त काही संच कलावस्तू म्हणून प्रसिद्ध आहेत. पेत्रोग्राद येथील सरकारी चिनी माती कारखान्यासाठी शिल्पकार नताल्या दान्को यांनी इ.स. १९२० च्या दशकाच्या आरंभी 'लाल आणि पांढरे' हा संच घडवला. त्यात पांढऱ्या बाजूचा राजा सांगाड्याच्या रूपातील मृत्यू असून प्यादी साखळदंडांनी बांधलेले कामगार आहेत. लाल बाजूचा राजा लोहार, तर वजिराच्या जागी धान्याची पेंढी घेतलेली शेतकरी स्त्री आहे. हे संच प्रामुख्याने संग्रहालयांत व मोठ्या लिलावांत दिसतात.

इ.स. १९७० मधील सोयुझ ९ या अंतराळमोहिमेत आंद्रियान निकोलायेव्ह व व्हिताली सेवास्त्यानोव्ह यांनी ९ जून रोजी पृथ्वीवरील सहकाऱ्यांशी बुद्धिबळाचा डाव खेळला. तो बरोबरीत सुटला. या मोहिमेसाठी बनवलेल्या संचात चुंबक न वापरता मोहरे पटावरील खाचांतून सरकतील अशी योजना होती.

काळ ठरवण्याची साधने

सोव्हिएत संचांवर उत्पादनाचे वर्ष क्वचितच असते. पेटीच्या आतील बाजूस शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असल्यास मात्र काळाचा अंदाज बराच अचूक बांधता येतो. त्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात.

लिपी : इ.स. १९१८ मध्ये रशियन लेखनपद्धतीत सुधारणा झाली. शब्दाच्या शेवटी जुने 'कठोर चिन्ह' असल्यास मजकूर साधारणपणे त्यापूर्वीचा समजला जातो.

संस्थेचा प्रकार : 'आर्तेल' हा शब्द असलेला शिक्का इ.स. १९६० किंवा त्यापूर्वीचा असतो. 'सोव्हनार्खोझ', म्हणजे प्रादेशिक आर्थिक परिषद, हा उल्लेख इ.स. १९५७ ते १९६५ या काळाकडे निर्देश करतो.

शहराचे नाव : सोव्हिएत काळात अनेक शहरांची नावे बदलली. पेर्म शहर इ.स. १९४० ते १९५७ या काळात मोलोतोव्ह होते. व्होल्गोग्रादचे नाव इ.स. १९२५ ते १९६१ या काळात स्तालिनग्राद होते. त्वेरचे नाव इ.स. १९३१ ते १९९० या काळात कालिनिन होते.

किंमत : १ जानेवारी १९६१ रोजी रूबलचे पुनर्मूल्यन होऊन जुने दहा रूबल नव्या एका रूबलाबरोबर झाले. साध्या लाकडी संचावर ३५ रूबलसारखी किंमत छापलेली असल्यास तो बहुधा त्यापूर्वीचा असतो. त्याच प्रतीच्या संचावर साडेतीन रूबल असल्यास तो नंतरचा असतो.

गुणवत्ता चिन्ह : पंचकोनी सरकारी गुणवत्ता चिन्ह इ.स. १९६७ मध्ये सुरू झाले. ते असलेला संच त्यापूर्वीचा असू शकत नाही.

या खुणा वाचताना एक सावधगिरी आवश्यक असते. शिक्का पेटीचा काळ सांगतो, मोहऱ्यांचा नव्हे. मोहरे हरवल्यावर दुसऱ्या संचातील मोहरे त्याच पेटीत ठेवणे घराघरांत नित्याचे होते. त्यामुळे पेटी इ.स. १९५० च्या दशकातील आणि मोहरे इ.स. १९७० च्या दशकातील, असे संच वारंवार आढळतात.

अस्सलपणा व स्थिती

बाजारात येणारे संच सर्वसाधारणपणे चार प्रकारचे असतात : सर्व मोहरे मूळचे असलेला पूर्ण संच, निरनिराळ्या संचांतून जुळवलेला संच, दुरुस्त केलेला संच आणि नवी प्रतिकृती. जुळवलेल्या संचात मोहऱ्यांच्या तळांचे व्यास, लाकडाचा रंग किंवा कातकामातील कडा एकमेकांशी जुळत नाहीत. सर्व प्यादी एका ओळीत ठेवून पाहिल्यास असा फरक सहज लक्षात येतो.

दुरुस्तीबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. काही जण तुटलेला शेंडा किंवा घोड्याचा कान नव्याने बसवणे आणि काळ्या मोहऱ्यांना पुन्हा लाख देणे योग्य मानतात. इतरांच्या मते झिजलेला रंग व बोटांनी आलेली चकाकी हाच संचाचा इतिहास आहे आणि नव्या लाखेने तो पुसला जातो. केलेली दुरुस्ती विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगावी, याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत असते. तळातील शिसे उघडे पडले असल्यास ते हाताळल्यावर हात धुणे आणि असे मोहरे लहान मुलांपासून दूर ठेवणे आवश्यक आहे. बर्चचे लाकूड कोरड्या हवेत तडकते व दमट हवेत फुगते. त्यामुळे संच थेट उन्हापासून व ओलाव्यापासून दूर ठेवला जातो.

प्रतिकृती

मूळ संचांपैकी चांगल्या स्थितीतील संच मर्यादित असल्याने एकविसाव्या शतकात त्यांच्या प्रतिकृतींची बाजारपेठ वाढली. इ.स. २०२० मधील 'द क्वीन्स गॅम्बिट' या दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट मॉस्कोतील स्पर्धेत होतो. तिच्या लोकप्रियतेनंतर जुन्या पद्धतीच्या संचांविषयीचे कुतूहल अधिक पसरले. इ.स. २०२२ मध्ये युक्रेनवरील रशियन आक्रमणानंतर रशियाशी होणारे आंतरराष्ट्रीय कार्डव्यवहार व टपाल विस्कळीत झाले. त्यामुळे तेथून मूळ संच मागवणे कठीण झाले.

प्रतिकृतींच्या उत्पादनात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. पंजाबमधील अमृतसर हे लाकडी बुद्धिबळ मोहऱ्यांच्या कारागिरीचे मोठे केंद्र आहे. तेथील कारागिरांच्या काही घराण्यांत पूर्वी हस्तिदंताची कोरणी होत असे. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर हे कौशल्य लाकडाकडे वळले. युरोप-अमेरिकेत निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक प्रतिकृती येथे घडतात. शिसमासह डाल्बर्जिया प्रजातीतील लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार इ.स. २०१७ पासून साइट्स कराराखाली नियंत्रित असल्याने अशा संचांच्या निर्यातीवर कागदपत्रांचे बंधन आले.

प्रतिकृती मूळ संचाहून अनेक बाबतींत वेगळी असते. मूळ संच रंगवलेल्या बर्चचा असला तरी प्रतिकृतीत फिकट बॉक्सवुड आणि एबनी किंवा शिसम वापरले जाते. तिचे वजन वाढवलेले असते, राजाची उंची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने सुचवलेल्या सुमारे ९.५ सेंटीमीटरच्या जवळ आणली जाते आणि घोड्याची कोरणी अधिक बारीक असते. मूळ घोडा ज्या काटकसरीतून साधा झाला होता, ती काटकसर प्रतिकृतीत उरत नाही. छायाचित्रावरून बनवलेल्या प्रतिकृतीत मोहऱ्याची मागची बाजू व तळाची घडण कारागिराच्या अंदाजावर अवलंबून असते. एका प्रतिकृतीवरून दुसरी बनत गेल्यास हा फरक वाढत जातो आणि काही काळाने ग्राहक प्रतिकृतीलाच मूळ रूप समजू लागतो.

खेळण्यासाठी संच हवा असणाऱ्यास प्रतिकृती अधिक सोयीची ठरते, कारण ती स्थिर, पूर्ण व बदली मोहरे मिळण्याजोगी असते. इतिहासाचा पुरावा म्हणून मात्र मूळ संचाची जागा ती घेऊ शकत नाही. दोहोंत एक साम्य आहे. सोव्हिएत आर्तेलमधील कारागिराप्रमाणेच अमृतसरमधील कारागिराचे नावही बहुधा संचावर नसते.

संग्रहालये व भारताशी संबंध

मॉस्कोतील गोगोलेव्स्की बुलेव्हार्डवरील मध्यवर्ती बुद्धिबळ क्लब इ.स. १९५६ मध्ये सुरू झाला. तेथील बुद्धिबळ संग्रहालय इ.स. १९८० मध्ये स्थापन झाले. त्याचा पाया लेनिनग्रादचे संग्राहक व्याचेस्लाव्ह दोम्ब्रोव्स्की यांच्या संग्रहाने घातला.

भारतात सोव्हिएत बुद्धिबळाची ओळख पुस्तके, प्रशिक्षक आणि सांस्कृतिक केंद्रे यांच्यामार्फत झाली. चेन्नईतील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाइल ताल यांच्या नावाचा बुद्धिबळ क्लब चालत असे. पुढे पाच वेळा जगज्जेते झालेले विश्वनाथन आनंद बालपणी या क्लबात खेळले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अशी केंद्रे बंद पडली किंवा त्यांचे स्वरूप बदलले. तेव्हा तेथील पट व मोहरे सामान्य सामानाप्रमाणे विखुरले गेले. शाळा व क्लबांतील साध्या संचांबाबत खुद्द सोव्हिएत प्रजासत्ताकांतही असेच घडले. त्यामुळे संच हाती आल्यावर त्याची पेटी, चिठ्ठी, शिक्के आणि आधीच्या मालकाकडून मिळालेली माहिती एकत्र जपावी, असा संकेत संग्राहकांत रूढ आहे. पेटी टाकून केवळ मोहरे ठेवल्यास संचाचा उगम सांगणारा, बहुधा एकमेव, लेखी पुरावा नाहीसा होतो.